पेन्सिल सेलवर चाललेलं दशक

१९९९ साली निकॉनचा कूलपिक्स ९५० विकत घेणाऱ्याच्या हाती जे खोकं पडे, त्यात मधोमध वळणारा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा कॅमेरा असे, गळ्यात अडकवायचा पट्टा असे, संगणकाला जोडायची तार असे, ८ मेगाबाइटचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड असे आणि चार अल्कलाइन पेन्सिल सेल असत. अमेरिकेत त्याची किंमत होती ९९९ डॉलर. २१ लाख पिक्सेल, तिप्पट झूम, फुलाच्या केसरापर्यंत जवळ जाणारं भिंग. हौशी माणसाला परवडेल असा याहून चांगला डिजिटल कॅमेरा त्या वर्षी शोधून सापडला नसता. पण मागचा रंगीत पडदा चालू ठेवून, अधूनमधून फ्लॅश मारत फोटो काढत गेलं, की सोबतचे चार सेल पहिल्याच दिवशी मान टाकत. मालक पुन्हा दुकानाची पायरी चढे. या खेपेला तो चार्जर मागे, निकेल-मेटल हायड्राइडच्या सेलचे निदान दोन संच मागे, भिंतीतल्या विजेवर चालवायचा अडॅप्टर मागे आणि कार्डातून फोटो उतरवून घेणारा रीडरही मागे.

डिजिटल छायाचित्रणाचा इतिहास बहुतेक वेळा पिक्सेलच्या आकड्यांनी सांगितला जातो. अमक्या साली तीन लाख, तमक्या साली दहा लाख, मग वीस, मग पन्नास. मला तो इतिहास अपुरा वाटतो. १९९४ ते २००४ या दशकात कॅमेरा खरोखर हाताशी येणार की कपाटात पडून राहणार, हे पिक्सेल ठरवत नव्हते, वीज ठरवत होती. छत्तीस फोटोंच्या रोलची मोजदाद संपली म्हणून लोक आनंदले आणि दुसऱ्याच दिवशी सेलची मोजदाद करू लागले. त्या काळी डिजिटल कॅमेरा ही एक वस्तू नव्हतीच. तो एक संसार होता, आणि त्या संसारातला चार्जर, सेल, तारा, डबे हा भाग कोणी नीट लिहून ठेवलेला नाही.

विजेची ही भूक जन्मापासूनची. अमेरिकेत रॉचेस्टरला ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५च्या डिसेंबरात जो पहिला डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला, त्यात सोळा निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या. वजन सुमारे ३.६ किलो, चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं आणि तेही कृष्णधवल. ते साध्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. सॅसननं एका कॅसेटवर तीस चित्रं ठेवायचं ठरवलं, कारण लोकांना चोवीस आणि छत्तीसच्या रोलची सवय होती आणि तीस हा आकडा त्यांच्या मधला. नवं यंत्र जुन्या सवयीशी जोडण्याचा हा विचार मला फार आवडतो. सेलचा असा विचार करण्याची वेळ तेव्हा आलेली नव्हती, कारण तो कॅमेरा प्रयोगशाळेच्या बाहेर विकायचा नव्हता.

पुढच्या पंधरा वर्षांत प्रश्न आणखी बिकट झाला. फुजीनं १९८८ साली डीएस-१पी हा कॅमेरा दाखवला, त्यात चित्रं एका कार्डावर साठत. पण त्या कार्डातल्या स्मृतीला स्वतःचा असा टिकाऊपणा नव्हता. आत बसवलेल्या बॅटरीनं तिला जागतं ठेवलं तरच चित्रं राहत. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या डायकॅम कंपनीचा मॉडेल वन आला, तोच पुढे लॉजिटेकनं फोटोमॅन या नावानं विकला. त्यात कृष्णधवल बत्तीस चित्रं मावत, आणि तीही वीज असेतोवर. बॅटरी पार उतरू दिली तर काढलेले फोटोच पुसले जात. फिल्मचा रोल दहा वर्षं कपाटात विसरला तरी त्यावर काही ना काही निघतं. इथे एक रात्र चार्जिंग चुकलं की सारंच गेलं. हा धोका दूर झाला तो तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या फ्लॅश स्मृतीमुळे. वीज तोडली तरी अक्षर न अक्षर जपून ठेवणारी ही चिप १९९०च्या दशकाच्या मध्यावर कॅमेऱ्यात बसण्याइतकी स्वस्त झाली. तिथून पुढे सेल उतरला तरी काढलेला फोटो सुरक्षित राहू लागला. पुढचा फोटो काढता येईल की नाही, हा प्रश्न मात्र जागच्या जागी होता.

व्यावसायिकांकडे त्यावर एक उपाय होता, तो म्हणजे ओझं. कोडॅकचा डीसीएस हा १९९१चा कॅमेरा निकॉन एफ३च्या अंगावर चढवलेला होता. मूळ एफ३ला दोन बटण सेल महिनोन्‌महिने पुरत. त्याच कॅमेऱ्याला डिजिटल करायचं म्हणून खांद्याला एक वेगळा डबा लटकवावा लागला, त्यात २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि तिला चालवणाऱ्या बॅटऱ्या. वृत्तसंस्थांचे छायाचित्रकार ते ओझं वाहत, कारण संध्याकाळच्या अंकासाठी फोटो पोचवायचा असे. घरच्या बारशाचे फोटो काढायला असला डबा खांद्यावर कोण घेणार?

घरगुती ग्राहकासाठी अॅपलनं १९९४ साली क्विकटेक १०० आणला. तो बनवला होता कोडॅकनं. दिसायला दुर्बिणीसारखा, किंमत ७४९ डॉलर, ६४० बाय ४८० ठिपक्यांची आठ चित्रं किंवा त्याच्या निम्म्या मापाची बत्तीस. त्याला तीन पेन्सिल सेल लागत. काढलेलं चित्र पाहायचा पडदा त्यावर नव्हता, पाठीवर फक्त किती फोटो झाले नि किती उरले हे दाखवणारी छोटी पट्टी होती. आज ही उणीव वाटते, पण सेलच्या दृष्टीनं ते वरदान होतं. रंगीत पडदा नाही, झूमची मोटर नाही, म्हणून तीन सेलवर त्याचं भागत होतं. तरीही अॅपलनं पहिल्यापासून विजेचा अडॅप्टर आणि जादा सेलचा पूरक डबा ही जोडसाधनं वेगळी विकायला ठेवली. कॅमेरा एकटा पुरणार नाही, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरी कोंडी झाली ती पडदा आल्यावर. त्याची गोष्ट जपानची, कॅसिओची, आणि ती जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

कॅसिओ ही गणकयंत्रं आणि घड्याळं करणारी कंपनी. छायाचित्रणात तिला कोणी ओळखत नव्हतं. १९८७ साली तिनं व्हीएस-१०१ नावाचा फ्लॉपीवर चित्र ठेवणारा कॅमेरा काढला आणि तो बाजारात पडला. ते काम करणाऱ्यांत हिरोयुकी सुएताका हे अभियंते होते. त्यांनी हात टेकले नाहीत. १९९१च्या सुमारास त्यांच्या गटानं पूर्ण डिजिटल असा एक नमुना तयार केला, डीसी-९०. तो भरला २.८ किलो आणि चालू केला की आतले इलेक्ट्रॉनिक भाग इतके तापत की थंड करायला पंखा लावावा लागला. गटातल्या लोकांनी त्याला ‘आत्सुको’ आणि ‘ओमोको’ अशी मुलींची नावं ठेवली होती, एका नावात तापण्याची सूचना आणि दुसऱ्यात वजनाची. या दोन नावांतच त्या काळच्या डिजिटल कॅमेऱ्याचं सगळं दुखणं येतं. उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज, आणि वजन म्हणजे ती वाया जाणारी वीज पुरवण्यासाठी वाहिलेल्या बॅटऱ्या.

तिथून चार वर्षांत, मार्च १९९५ मध्ये, क्यूव्ही-१० बाजारात आला तो हाताच्या तळव्यात मावणारा होता. किंमत ६५,००० येन. अडीच लाख पिक्सेलचा संवेदक, ३२० बाय २४० ठिपक्यांची ९६ चित्रं ठेवणारी २ मेगाबाइटची फ्लॅश स्मृती, गोल फिरणारं भिंग आणि पाठीवर १.८ इंचांचा रंगीत पडदा. कॅसिओ १९८३पासून खिशातले टीव्ही बनवत आली होती, त्यामुळे छोटा पडदा ही तिच्या घरचीच विद्या होती. फोटो काढायचा आणि त्याच क्षणी तो शेजारी बसलेल्याला दाखवायचा, नको असेल तर पुसून टाकायचा. आज हे आपण विचार न करता करतो. सर्वसामान्य ग्राहकाला हा अनुभव पहिल्यांदा दिला तो या कॅमेऱ्यानं. टोकियोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयानं २०१२ साली त्याची नोंद विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासातला महत्त्वाचा ठेवा म्हणून केली, ती योग्यच होती.

पण त्या पडद्यामागे एक अडचण दडली होती. क्यूव्ही-१०ला डोळा लावून पाहायची खिडकी नव्हती. नेम धरायचा तर पडदा चालूच ठेवावा लागे. म्हणजे फोटो काढायचा विचार करत उभं राहिलं तरी सेल जळत होते. चार अल्कलाइन सेल भराभर उतरत आणि मित्रांना फोटो दाखवत बसलं तर त्याहून लवकर. ज्या गुणासाठी लोकांनी कॅमेरा घेतला, तोच गुण त्याचे सेल खात होता. म्हणून क्यूव्ही-१० घेणारे बहुतेक जण घरी असताना तो अडॅप्टरवर चालवत, टीव्हीला तार जोडून चित्रं बघत, आणि बाहेर जाताना सेलचा जादा संच बाळगत.

आता हे सेल इतक्या लवकर का उतरत, ते समजून घ्यायला हवं, कारण यात कॅमेरा बनवणाऱ्यांचा दोष फार थोडा होता. अल्कलाइन सेल लुईस उरी यांनी युनियन कार्बाइडच्या ओहायोतल्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस घडवला. बॅटरीवरची खेळणी आणि विजेऱ्या जास्त काळ चालाव्यात, ही तेव्हाची गरज. त्या गरजेला तो उत्तम होता. भिंतीवरच्या घड्याळात एक सेल वर्षभर निघतो, कारण घड्याळ अगदी घोट-घोट वीज घेतं. डिजिटल कॅमेरा मात्र अर्ध्या ते एक अँपिअरच्या घरात प्रवाह ओढायचा. अरुंद तोंडाच्या सुरईत पाणी भरपूर असलं तरी बादलीभर एकदम ओतायला गेलं तर ते येत नाही, तसंच अल्कलाइनचं होतं. आतला रोध जास्त, त्यामुळे प्रवाह वाढवला की सेलच्या टोकांवरचा दाब कोसळतो आणि विजेचा मोठा वाटा सेलच्या आतच उष्णता होऊन जातो. सावकाश वापरला तर अडीच हजार मिलिअँपिअर-तास देणारा सेल कॅमेऱ्यात त्याच्या निम्मंही देत नसे.

कॅमेऱ्याची भूकही एका प्रकारची नव्हती. त्या काळच्या सीसीडी संवेदकाला एकाच वेळी पंधरा व्होल्टच्या आसपासचा धन दाब आणि सात-आठ व्होल्टचा ऋण दाब लागे, तेव्हा कुठे ठिपक्यांतला भार पुढे सरके. फ्लॅशच्या धारित्राला तीनशे व्होल्टपर्यंत भरावं लागे. पडद्याच्या मागे नळीदिव्याचीच बारीक आवृत्ती असे, तिला पेटवायला आणखी शेकडो व्होल्ट. हे सगळे दाब चार सेल मिळून होणाऱ्या सहा व्होल्टमधून घडवायचे म्हणजे प्रत्येक पायरीवर थोडी गळती आलीच. त्यातून फोटो काढल्या काढल्या तीन मागण्या एकदम येत: फ्लॅश पुन्हा भरायचा, चित्र कार्डावर लिहायचं, पडद्यावर दाखवायचं. त्या क्षणी दाब घसरला की कॅमेरा सेल संपले असं समजून बंद पडे. सेल तर संपलेले नसत. दहा मिनिटं विसावा दिला तर तेच सेल आणखी दोन-चार फोटो देत, आणि कॅमेऱ्यानं नाकारलेले सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये महिनोन्‌महिने चालत. त्या काळी डिजिटल कॅमेरा असलेल्या घरांत असे अर्धवट सेल खणात साचलेले असत.

यातून सुटकेची वाट दाखवली ती निकेल-मेटल हायड्राइडनं. अमेरिकेतले स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनावर या सेलचा मोठा भाग उभा आहे, आणि १९९०च्या आसपास जपानी कंपन्यांनी तो बाजारात आणला. त्याचा दाब १.५ नाही, १.२ व्होल्ट. कागदावर तो अल्कलाइनपेक्षा कमजोर दिसतो. पण आतला रोध अगदी कमी, त्यामुळे एक अँपिअर ओढला तरी तो आपला १.२ व्होल्ट शेवटापर्यंत टिकवून धरतो. १९९८-९९च्या सुमारास १,३०० ते १,६०० मिलिअँपिअर-तासांचे सेल मिळत. अडीच हजारांच्या अल्कलाइनपेक्षा हे आकडे लहान, तरी कॅमेऱ्यात ते कितीतरी जास्त फोटो देत आणि वर शेकडो वेळा भरता येत. अनुभवानं ही गोष्ट कळलेल्या मंडळींनी अल्कलाइनला रामराम केला.

इथून जोडसाधनांचा संसार सुरू होतो. कॅमेरा घ्यायला एक दिवस पुरे, पण तो चालवायची शिस्त अंगी बाणायला काही महिने लागत. सेलचे संच करायचे आणि ते कधी मिसळायचे नाहीत, कारण चारांतला एक कमजोर असला की बाकी तिघे भरलेले असूनही कॅमेरा बंद. म्हणून प्रत्येक सेलवर पक्क्या शाईच्या पेनानं अ-अ-अ-अ, ब-ब-ब-ब अशा खुणा करायच्या. भरलेले सेल प्लॅस्टिकच्या डबीत धन टोक वर करून ठेवायचे, वापरलेले उलटे, म्हणजे अंधारात चाचपडूनही चूक होणार नाही. डबीशिवाय सेल खिशात टाकायचे नाहीत, किल्ल्या किंवा नाण्यांनी दोन टोकं जोडली गेली तर चटका बसतो. सेलची टोकं आणि कॅमेऱ्यातल्या पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, कारण बोटांचा तेलकटपणाही दाब खातो. खिडकीतून नेम धरायचा आणि पडदा बंद ठेवायचा. थंडीत सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचे.

यात एक त्रास उरतच होता. निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात पाचवा हिस्सा तरी गमावतात. महिन्यापूर्वी भरून ठेवलेला संच ऐन समारंभात दगा देई. म्हणून आदल्या रात्री सेल चार्जरला लावणं हा त्या काळच्या छायाचित्रकाराचा नित्यनेम होता. स्वस्त चार्जर दहा-बारा तास घेत आणि कधी थांबायचं हे त्यांना कळत नसे. सेल गरम होत, आयुष्य घटे. प्रत्येक सेलकडे वेगळं लक्ष देऊन वेळेवर थांबणारा चार्जर महाग होता, पण कॅमेऱ्यानंतर सर्वांत शहाणपणाची खरेदी तीच होती असं माझं मत आहे. पुष्कळांनी पैसे वाचवले ते नेमके तिथेच.

ज्यांना दिवसभर काम करायचं असे, त्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूच्या विजेच्या भोकाचा वेगळा उपयोग शोधला. ते भोक भिंतीच्या अडॅप्टरसाठी असे. त्यात तार घालून दुसरं टोक कमरेच्या पट्ट्यावरच्या मोठ्या बॅटरीला जोडायचं, कधी बाजारात मिळणाऱ्या तयार संचाला, कधी सहा व्होल्टच्या बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीला. धन-ऋण उलटं झालं तर कॅमेरा जळण्याची भीती, तरीही हौशी लोक हे करत. कमरेला बॅटरी, तिची तार कॅमेऱ्याला आणि गळ्यात कूलपिक्स. त्याच कूलपिक्सच्या भिंगासमोर बसवायला निकॉननं रुंद कोनाचं, दूरचं आणि माशाच्या डोळ्यासारखं चहूबाजूंनी पाहणारं अशी जादा भिंगं काढली होती, पारदर्शिकांची डिजिटल प्रत करायचं नळकांडंही होतं. ही भिंगं लावली की खिडकीतून दिसणारं चित्र आणि कॅमेऱ्याला दिसणारं चित्र जुळत नसे, म्हणून पडदा चालू ठेवणं भाग पडे. म्हणजे एक जोडसाधन घेतलं की ते सेलच्या आणखी एका संचाची सोय मागत येई.

फोटो संगणकावर उतरवून घेणं हाही सेलचाच खर्च होता. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना सीरिअल पोर्टची तार येई. तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट. त्या हिशेबानं ८ मेगाबाइटचं भरलेलं कार्ड रिकामं करायला बारा मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच, आणि तेवढा वेळ कॅमेरा चालू. अर्ध्यात सेल गेले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कार्ड रीडर आले आणि लॅपटॉपच्या खाचेत कार्ड सरकवायचे अडॅप्टर आले. फ्लॅशपाथ नावाचं एक साधन तर बघण्यासारखं होतं. आकार साडेतीन इंची फ्लॉपीचा, पोटात स्मार्टमीडिया कार्ड घालायचं आणि ते संगणकाच्या फ्लॉपीच्या फटीत ढकलायचं. संगणकाला वाटे फ्लॉपीच आली. पण या खोट्या फ्लॉपीलाही चालायला दोन बटण सेल लागत.

खऱ्या फ्लॉपीचा मार्ग सोनीनं धरला आणि सेलची लढाई जवळजवळ एकहाती जिंकली. १९९७चे मॅविका एफडी५ आणि एफडी७ हे कॅमेरे फोटो थेट साडेतीन इंची फ्लॉपीवर लिहीत. कॅमेरा विटेएवढा, चित्र ६४० बाय ४८०, फ्लॉपी फिरवायची मोटर आतच. तरीही बॅटरी दिवसभर टिके, कारण सोनीनं पेन्सिल सेलचा नादच सोडला आणि आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची लिथियम-आयन बॅटरी यात बसवली. शिवाय त्या बॅटरीत एक चिप होती, ती कॅमेऱ्याशी बोलत असे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात अजून किती मिनिटं उरली ते आकड्यात दिसे. चार सेलच्या कॅमेऱ्यात बॅटरीचं चित्र अर्धं दिसू लागलं की पुढच्या मिनिटाला तो बंद पडेल की अर्ध्या तासानं, हे कोणालाच सांगता येत नसे. मॅविकाच्या मालकाला तो हिशेब समोर लिहिलेला होता. अमेरिकेत शाळा, विमा कंपन्या, घरांच्या दलालांची कार्यालयं यांनी मॅविका उचलला, त्यात फ्लॉपीच्या सोयीचं श्रेय मोठं आहे, पण भरवशाच्या बॅटरीचं श्रेय कोणी मोजत नाही.

महाराष्ट्रात हे कॅमेरे मध्यमवर्गाच्या हाती पडायला २००२-०३ उजाडलं, आणि त्यातले स्वस्तातले पुष्कळसे दोन किंवा चार पेन्सिल सेलवर चालणारेच होते. अमेरिकन ग्राहकापेक्षा आपली अडचण वेगळी होती. दोन सेलची जागा घेणारा सीआर-व्ही३ हा लिथियमचा जोडसेल बाहेर सर्रास मिळे, आपल्याकडे मोठी शहरं सोडली तर तो बघायलाही मिळत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानात जे साधे पेन्सिल सेल मिळत, ते अल्कलाइनही नसत, जस्त-कार्बनचे असत. त्यावर कॅमेरा कधी सुरूच होत नसे, कधी भिंग बाहेर काढून तसाच अडकून राही. राहता राहिला चार्जर. पण २००५ ते २००७ या काळात राज्यात भारनियमन कळसाला पोचलेलं होतं, खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. दहा तास लागणारा चार्जर आणि मध्येच जाणारी वीज यांचा मेळ कसा बसावा? तारखेच्या आदल्या रात्री वीज गेली तर लग्नाच्या दिवशी कॅमेरा निरुपयोगी. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणाऱ्यांनी सेलचे संच पाठपिशवीत तांदळाच्या पुडीइतकेच जपून नेले, ते यामुळेच. त्या वर्षांतल्या गडांवरच्या पहाटांचे जे फोटो आज संगणकात सापडतात, त्यामागे कोणीतरी पडदा बंद ठेवून, दात ओठ खाऊन वाचवलेले सेल आहेत.

कोंडी फुटली ती अनेक बाजूंनी थोडीथोडी. आधी मोजमाप आलं. तोवर प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं फोटोंचा आकडा छापत असे, कोणी पडदा बंद ठेवून मोजे, कोणी फ्लॅशशिवाय. कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या जपानी संघटनेनं २००३ साली एक ठरीव पद्धत घालून दिली: तापमान २३ अंश, पडदा चालू, दर तीस सेकंदांना एक फोटो, प्रत्येक फोटोआधी झूम एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, एकाआड एक फोटोला पूर्ण फ्लॅश, दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू. हा खरा माणूस कसा वागतो त्याचा आराखडा होता. ग्राहकाला दोन कॅमेऱ्यांची तुलना करता येऊ लागली आणि अभियंत्यांना एक-एक मिलिवॅट वाचवायचं कारण मिळालं.

त्याच काळात पडद्यामागची नळी गेली आणि पांढरे एलईडी आले. निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली झगझगीत निळा एलईडी बनवला नसता, तर हे पांढरे एलईडी झाले नसते. निळ्या प्रकाशाला २०१४ साली नोबेल मिळालं तेव्हा चर्चा घरातल्या दिव्यांची झाली, पण कॅमेऱ्याच्या सेलवरचे उपकारही काही कमी नव्हते. सीमॉस संवेदकानं दुसरा भार उतरवला. अवकाशयानांसाठी लहान आणि कमी वीज खाणारे कॅमेरे हवेत, म्हणून एरिक फॉसम यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत त्यावर काम सुरू केलं होतं. त्याला सीसीडीसारखे वेगवेगळ्या तऱ्हेचे दाब लागत नाहीत. वीज वाढली त्यापेक्षा भूक घटली, असं या सुटकेचं खरं गणित आहे.

सेल बनवणारेही गप्प बसले नव्हते. पॅनासॉनिकनं २००४ साली जपानात ऑक्सिराइड हा खास डिजिटल कॅमेऱ्यासाठी घडवलेला, एकदाच वापरायचा सेल आणला. त्याची ताकद दाखवायला टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २००६च्या जुलैमध्ये असे १६० पेन्सिल सेल लावून माणूस बसवलेलं विमान उडवलं. ते ५९ सेकंद हवेत राहिलं. पण टिकून राहिला तो सान्योचा एनेलूप. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेला हा निकेल-मेटल हायड्राइड सेल वर्षभर पडून राहिला तरी ८५ टक्के भरलेला राही. रात्री चार्जर लावायचा नित्यनेम त्या सेलनं संपवला. पण तोवर फार उशीर झाला होता. बहुतेक नवे कॅमेरे आपापल्या मापाच्या लिथियम-आयन बॅटरीकडे वळले होते.

त्या दशकातल्या फोटोंवर सेलची एक खूण अजून राहिली आहे. फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ लिहायची एक्झिफ ही पद्धत १९९५पासूनची. पण कॅमेऱ्यातलं घड्याळ सेलवरच तगून असे, आणि सेल काढून कॅमेरा काही दिवस ठेवला की ते कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर परत जाई. घाईत कोणी तारीख लावत बसत नसे. त्यामुळे कुटुंबांच्या संग्रहात गणपतीचे फोटो एक जानेवारीचे निघतात, आणि दहावीचा निकाल मुलीच्या जन्माच्या आधी लागलेला दिसतो. जुन्या फोटोंची क्रमवारी लावणाऱ्यानं संगणकानं सांगितलेल्या तारखेवर विसंबू नये, कपडे, दात पडलेली मुलं, भिंतीवरचं कॅलेंडर यांची साक्ष काढावी.

आणि ज्या पेन्सिल सेलनं लोकांना एवढं छळलं, त्यानंच ते कॅमेरे वाचवले. गेल्या काही वर्षांत तरुण मुलं दोन हजारच्या दशकातले डिजिटल कॅमेरे हौसेनं शोधू लागली आहेत. त्यांत स्वतःच्या मापाची बॅटरी मागणारे कॅमेरे अडून बसतात, कारण त्या बॅटऱ्या फुगलेल्या असतात आणि बनवणाऱ्यांनी केव्हाच बंद केलेल्या असतात. चार सेलचा क्यूव्ही-१० किंवा कूलपिक्स ९५० मात्र धड असेल तर आजच्या एनेलूपवर सुरू होतो आणि त्याच्या उमेदीच्या काळात चालला नसेल इतका वेळ चालतो. कंपनीच्या स्वतःच्या बॅटऱ्यांमध्ये ठळक अपवाद निघाला तो मॅविकाच्या सोनी एनपी-एफ मालिकेचा. ते माप पुढे व्हिडिओवाल्यांच्या धंद्यात रुळलं आणि आता कितीतरी कंपन्या त्या बॅटऱ्या बनवतात. लग्नाच्या मांडवात व्हिडिओवाल्याच्या एलईडी दिव्याच्या पाठीवर जी काळी बॅटरी सरकवलेली दिसते, ती बहुधा याच मापाची असते.